धावा, पण आपलं शरीर ओळखून

पोलीस भरती जवळ आली की पारशिवनी तालुक्यात पहाटेच मुलं-मुली रस्त्यावर धावताना दिसतात. 50 गुणांच्या मैदानी चाचणीत 20 गुण मुलांच्या 1600 मीटर आणि मुलींच्या 800 मीटर धावण्याला असतात. वस्तीतल्या कितीतरी घरांची आशा त्या काही मिनिटांवर असते. मग मित्राचं किंवा मोबाइलवर पाहिलेलं वेळापत्रक उचलून रोज जीव तोडून धावलं जातं. आम्हाला इथेच सावध करायचं आहे.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. 2018 मध्ये काही काळ तो निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे सराव करत होता. त्यांच्याच हाताखाली साताऱ्याच्या ललिता बाबरने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली होती. पण अविनाशला तो सराव मानवला नाही. तो जुने प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे परतला. पुढे त्याने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. एकाला लागू पडलेला सराव दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

भिक्खू सोणाचे पाय चालून चालून रक्ताळले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची तार दाखवून हेच समजावलं. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, सिकलसेल. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आनुवंशिक आजार जास्त आढळतो. आई-वडील दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो. वाहकाला एरवी त्रास नसल्याने बहुतेकदा ते माहीतही नसतं. पण उन्हात, पाणी न पिता, न थांबता जोर लावला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचं रक्त अडवू शकतात. क्वचित ते जिवावर बेततं. असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेत 2010 मध्ये वरच्या गटातल्या कॉलेज खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम आला.

वाहकाने धावू नये असं नाही. त्याने बेताने सराव वाढवावा. आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव नको.

सुरुवात अशी करा:

• आधी सरकारी दवाखान्यात सिकलसेल आणि हिमोग्लोबिन तपासा. मुलींनी तर नक्कीच.

• शिकवणाऱ्याला वय, जुनी दुखणी, दिवसभराचं काम आणि जेवण सांगा. दिवसभर मजुरी करणाऱ्याला आणि घरी बसून अभ्यास करणाऱ्याला सारखा सराव झेपत नाही.

• बहुतेक दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. जोराचा सराव आठवड्यात दोनदा पुरे. एक दिवस पूर्ण विश्रांती.

• वहीत अंतर, वेळ, झोप आणि सकाळची नाडी लिहा. नाडी नेहमीपेक्षा बरीच वाढली तर त्या दिवशी सराव हलका ठेवा.

• पाणी सोबत ठेवा. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी सराव संपवा. ताप किंवा जुलाब असताना धावू नका.

धावताना पाय अचानक गळाले, स्नायू खूप दुखले, चक्कर आली किंवा लघवी काळपट झाली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. अशा वेळी कुणी ‘नाटक करतो’ म्हणून पुढे ढकलत असेल, तर पालकांनी मध्ये पडावं. भरती पुन्हा येईल. लेकरू पुन्हा येत नाही.