सनदेचा ताळेबंद

सनदी लेखापालाच्या परीक्षांचे निकाल लागले की वाणिज्य शाखेकडे वळलेल्या मुलांच्या घरोघरी एकच प्रश्न चर्चिला जातो : या वाटेने जावे की न जावे? पगाराचे आकडे समोर ठेवून त्याचे उत्तर काढण्याची प्रथा पडली आहे. परंतु ज्या विद्येचा पायाच जमेसमोर खर्च मांडण्यावर उभा आहे, तिच्याविषयीचा निर्णय केवळ जमेची बाजू पाहून घेणे विसंगत होय.

जमेची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. 1949 च्या कायद्याने या व्यवसायाला सनद मिळाली. कंपन्यांच्या हिशेबांवर लेखापरीक्षक म्हणून स्वाक्षरी करण्याचा अधिकार कायद्याने याच वर्गाकडे ठेवला; 1984 च्या वित्त कायद्याने मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना प्राप्तिकरासाठीही लेखापरीक्षा सक्तीची केली. शिक्षणशुल्क वैद्यकीय वा अभियांत्रिकीच्या मानाने अल्प. देणगीचा तर प्रश्नच नाही. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा आणि मुंबईच्या कारखानदाराचा मुलगा येथे एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात. मध्यमवर्गाला या सनदेची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

खर्चाच्या बाजूला मात्र मुख्य रक्कम रुपयांची नसून वर्षांची आहे. 2023 च्या नव्या योजनेने उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला, आणि कागदावर बारावीनंतर साडेतीन वर्षांत सनद हाती येऊ शकते. व्यवहारात प्रत्येक विषयात शेकडा 40 आणि गटात एकूण शेकडा 50 गुणांची अट अनेकांना पुनःपुन्हा मागे ढकलते. नोव्हेंबर 2023 च्या अंतिम परीक्षेत दोन्ही गट एकदम देणाऱ्यांपैकी शेकडा दहा जणही उत्तीर्ण झाले नाहीत. ‘आणखी एक खेप’ म्हणता म्हणता पंचविशी उलटते. बरोबरीचे मित्र मिळवते होतात, वडील निवृत्तीला येतात आणि मुलीच्या बाबतीत तर परीक्षेआधी लग्नाचा विषय निघतो. हा खर्च कोणत्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

कायद्याने दिलेले काम कायदा काढूनही घेतो, हेही विसरून चालणार नाही. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्याच्या वार्षिक लेखापरीक्षेचे काम या व्यवसायाकडे आले. 2021 मध्ये ती सक्ती रद्द झाली. नोंदी करणे आणि बेरजा जुळवणे ही कामे तर यंत्र करू लागले आहे. उरतो तो विवेक आणि स्वाक्षरीची जबाबदारी. ती किती जड असते, हे 2009 च्या सत्यम प्रकरणात लेखापरीक्षकांना अटक झाली तेव्हा देशाने पाहिले.

म्हणून निर्णयापूर्वी मुलाने स्वतःला विचारावे : अशिलाचा हिशेब खोटा दिसला, तर मोठे काम गमावूनही मी सही नाकारू शकेन काय? ज्याला निव्वळ स्थिर नोकरी हवी आहे, त्याला बँकेच्या वा राज्यसेवेच्या परीक्षांचा मार्ग खुला आहे. सनदेकडे जाणाऱ्याने पदवी सोबत पूर्ण करावी; उमेदवारीसाठी कार्यालय निवडताना तेथे काम शिकवतात की केवळ हेलपाटे घालायला लावतात, याची चौकशी करावी; आणि किती खेपांनंतर थांबायचे, हे घरातील सर्वांनी पहिल्याच दिवशी ठरवावे. अपयशाच्या दिवशी ठरवलेली मर्यादा बहुधा पाळली जात नाही.

राहिला प्रश्न अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्यांचा. मध्यम परीक्षा व उमेदवारी पूर्ण करूनही अंतिम टप्पा न ओलांडणाऱ्यांसाठी नव्या योजनेत स्वतंत्र प्रमाणपत्राची तरतूद आहे. तिला किंमत येईल ती कारखानदार, सहकारी संस्था आणि पतपेढ्या या मुलांना ‘नापास’ न समजता जाणकार हिशेबनीस म्हणून नेमतील तेव्हाच. तसे घडले, तर या वाटेवर पाऊल टाकताना लहान गावातील कुटुंबाला आजच्याइतका जुगार खेळावा लागणार नाही.