डोहाळे एकीला, धाकधूक दुसरीला

सरोगसीत बाळ एका घरचं, ते वाढतं दुसरीच्या पोटात. 2021च्या कायद्यानं भारतात यासाठी मोबदला देता येत नाही. सरोगेट 25 ते 35 वर्षांची, स्वतःचं मूल असलेली हवी. मानसिक तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो. पण तो गर्भ राहण्याआधीचा. घालमेल सुरू होते ती नंतर.

होणाऱ्या आईला सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके दिसतात, पण हात ठेवायला पोट आपलं नसतं. डोहाळजेवण कुणाचं करायचं, इथपासून घोळ! आनंदात थोडा मत्सर मिसळला की ती स्वतःलाच दोष देते. खरं तर यात वावगं काही नाही.

बाळ सोपवलं तरी सरोगेटला बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटतं. त्याचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. बाळाला बघायचं का, पुढे फोटो मागायचे का, हेही दोन्ही घरांनी गर्भारपणातच बोलावं. सरोगेटचं स्वतःचं पोर विचारणारच, ‘आपलं बाळ कुठं गेलं?’ त्यालाही पहिल्यापासून खरं सांगावं. सरोगेटचं रडू, झोप उडणं बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनीही थांबलं नाही, तर डॉक्टरांना गाठावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.