नळाचे पाणी बरे की बाटलीचे?



गावाकडचा पाहुणा बोरिवलीला नाहीतर घाटकोपरला गाडीतून उतरतो. उन्हाने घसा कोरडा पडलेला असतो. फलाटावर नळ दिसतो, शेजारी दुकानात बाटल्यांची रासही दिसते. पाहुणा घटकाभर घुटमळतो आणि बाटली विकत घेतो. पुढे नातेवाइकांच्या घरी वहिनी माठातले पाणी तांब्याभर पुढे करतात. ते नळाचेच असते, आणि तो ते आनंदाने पितो. मग फलाटावर बाटली कशाला घेतली? विकतचे ते शुद्ध, ही समजूत मनात घर करून बसली म्हणून! ती कितपत खरी, ते आज आपण पडताळून पाहू.

मुंबईच्या नळाला पाणी येते कुठून? ही गोष्ट उपनगरातच सुरू होते. १८६० साली विहार तलाव बांधून पुरा झाला आणि शहराला प्रथमच नळाचे पाणी मिळाले. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. हे दोन्ही तलाव आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहेत. पुढे १८९२ मध्ये तानसा आणि १९५७ मध्ये वैतरणेवरचे मोडकसागर झाले. त्याच काळात अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये पालिकेत आले. पाणी पिणारी तोंडे वाढली, तशी अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा ही धरणे आली. आज या सात जलाशयांतून मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातशाचे.

हे पाणी तसेच नळाला सोडत नाहीत. भांडुपला फार मोठे शुद्धीकरण केंद्र आहे. आपण घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ना, तोच प्रकार तिथे मोठ्या प्रमाणावर चालतो. तुरटीच्या जातीचे द्रव्य घातले की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. शेवटी क्लोरीन मिसळून रोगजंतू मारतात.

आता यातली खुबी ध्यानात घ्या. क्लोरीनचा थोडा अंश मुद्दाम पाण्यात शिल्लक ठेवलेला असतो. नळापर्यंतच्या वाटेत जंतू शिरला तर त्याला आवरायला हा पहारेकरी बरोबर असतो. नळाच्या पाण्याला कधी कधी येणारा उग्र वास त्याचाच! बाटलीतले पाणी साधारणपणे ओझोन वायूने किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करतात. त्या क्षणी ते स्वच्छ असते, पण बूच उघडून तोंड लावले की तिथे पहारेकरी नसतो. बाटलीला नियम नाहीत असे नव्हे, परंतु सील म्हणजे देवाचा कौलही नव्हे. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली-मुंबईकडच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा अनेक नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले होते. त्यानंतर सरकारला नियम कडक करावे लागले. आणि लग्नकार्यात येणाऱ्या बिनसीलच्या थंड जारचे पाणी कोणी, कुठे भरले, हे तर कळायलाही मार्ग नसतो.

आता पैशाचा हिशेब मांडू. गुरुजींनी तो वर्गात फळ्यावर घालावा. ठरवून दिलेल्या वापरापर्यंत मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. बाटलीचे पाणी लिटरला पंधरा रुपये धरा. पाच माणसांच्या घरात प्यायला आणि स्वयंपाकाला रोज वीस लिटर लागले, तर बाटल्यांचे रोजचे ३०० रुपये, महिन्याचे ९,००० झाले. तेच पाणी नळाचे घेतले तर महिन्याला सहा रुपयेसुद्धा होत नाहीत. शिवाय रिकाम्या बाटल्या गटारात आणि ओढ्यात जाऊन तुंबतात, ते वेगळेच.

तुम्ही म्हणाल, "नळाला गढूळ पाणी येते, त्याचे काय?" तक्रार खरी आहे. मुंबईत पाणी ठरावीक तासच सुटते. बाकी वेळ नळ रिकामा असतो, आणि तो फुटका असला तर बाहेरची घाण आत ओढली जाते. इमारतीची टाकी वर्षानुवर्षे धुतली नाही, तर भांडुपला घेतलेली सारी मेहनत गच्चीवर वाया जाते. अशा वेळी पाणी उकळून प्यावे. पूर आला, नळ फुटला, तर बाटलीही घ्यावी. पण अडचणीचा उपाय हा रोजचा रिवाज होऊ नये.

कारण प्रश्न आपल्या एकट्याच्या घोटाचा नाही. ऐपतवाल्यांनी बाटली धरली, की फुटक्या नळाबद्दल ओरडायला कोण उरतो? फक्त ज्याला बाटली परवडत नाही तो, आणि त्याचा आवाज लांब जात नाही. मुंबईतल्या कित्येक वस्त्यांना नळजोडणी नाही. तिथल्या गरिबाला इमारतीतल्या माणसाहून कितीतरी महाग पाणी घ्यावे लागते. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. हा हक्क नळातूनच पुरा होतो, दुकानातून नव्हे. आणि हेही विसरू नका, की तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांच्या रानातून पाणी जाते त्यांच्या दारी नळ नसावा, हे बरे नव्हे.

तेव्हा करायचे काय? गावातली पाण्याची टाकी ठरल्या वेळी धुतली जाते का, टीसीएल पावडर पडते का, हे ग्रामसभेत विचारा. गुरुजी, जलसुरक्षकाला शाळेत बोलवा आणि मुलांसमोर ओटी चाचणी करून दाखवा. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, की क्लोरीन आहे असे समजावे. रंग आलाच नाही, तर पंचायतीला लगेच कळवावे. प्रवासाला निघताना घरचे पाणी भरून बरोबर घ्या. आणि नळ बिघडला, तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. तो दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करा. बाटली एकट्याची तहान भागवते, नळ साऱ्या गावाची. त्याची राखणही साऱ्या गावानेच करायची.