नाताळच्या गोठ्याची ८०० वर्षांची गोष्ट 🌟

नाताळात चर्चमध्ये, घरांसमोर बाळ येशूचा गोठा मांडलेला दिसतो ना? त्यामागची गोष्ट फार सुंदर आहे!

इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळच्या रात्री संत फ्रान्सिस यांनी गव्हाण मांडली. तिच्यात गवत पसरलं, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं. येशूचा जन्म किती गरिबीत झाला, हे साध्या गावकऱ्यांना डोळ्यांनी पाहता यावं, हीच त्यामागची तळमळ. त्या गव्हाणीतलं गवत पुढे लोकांनी आजारी जनावरांना खाऊ घातलं, असं फ्रान्सिस यांचे पहिले चरित्रकार थॉमस लिहितात.

नंतर नेपल्सच्या कारागिरांनी मातीच्या मूर्तींचे देखणे गोठे घडवले. गोव्यात गोठ्याला हिरवळ हवी म्हणून नाचणी आधीच पेरून ठेवतात.

यंदा गोठा पाहायला गेलात, तर मुलांना ही गोष्ट नक्की सांगा!