कमरेला कोणतं पिस्तूल? एका प्रश्नाचे तुकडे कसे करायचे

पेटच्या मुलाखतीत बऱ्याच जणांची गाडी एकाच ठिकाणी अडते. विषय चांगला असतो, वाचन झालेलं असतं, पण "तुमचा प्रश्न नेमका काय?" असं विचारलं की उत्तर म्हणून विषयच पुन्हा सांगितला जातो. म्हणून आज एक असा प्रश्न घेऊ जो कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत नाही, पण आपल्या भागात, म्हणजे माकणी, लोहारा ते पार केजपर्यंत, चहाच्या टपरीवर ऐकू येतो: स्वसंरक्षणासाठी छोटं हत्यार जवळ बाळगायचं तर कोणतं घ्यावं आणि अंगावर कुठे ठेवावं?

हा प्रश्न अचानक का आला, ते तुम्हाला माहीत आहेच. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून मारहाणीत खून झाला. त्यानंतर चर्चा वळली बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांकडे. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी तेव्हा आकडे मांडले: बीडमध्ये १,२२२ परवाने आणि शेजारच्या परभणीत फक्त ३२. पुढे बीडमध्ये शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. हे आकडे लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आता प्रश्न. तो एक दिसतो, पण त्यात किमान तीन आहेत. पहिला भौतिकशास्त्राचा: कोणत्या हत्याराचा धक्का, वजन, आकार किती? दुसरा माणसाच्या हालचालीचा: ते किती वेळात बाहेर निघेल आणि चुकून उडणार नाही ना? तिसरा लोकसंख्येचा: हत्यार बाळगणारा माणूस खरंच जास्त सुरक्षित असतो का? तिन्हींची पद्धत वेगळी, पुरावा वेगळा. टपरीवर तिन्हींचं उत्तर "आमच्या ओळखीतल्या एकाने" या एकाच पुराव्यावर दिलं जातं, ही गोष्ट वेगळी.

पहिला तुकडा सोपा आहे, कारण निम्मा कायद्यानेच सोडवलाय. भारतात ९ एमएमसारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. १९८० च्या दशकापासून परदेशी हत्याराची आयातही सर्वसामान्यांसाठी बंद आहे. त्यामुळे अमेरिकन यूट्यूबवर तासभर चालणारी 'हे घेऊ की ते' ही चर्चा इथे गैरलागू. इथे निवड मुख्यतः .३२ बोअरमध्ये: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, आणि कोणत्या कारखान्याचं. काडतुसं बहुतेकदा आपल्या पुण्याच्या खडकीची. बुडावर 'के एफ' असा ठसा असतो तो त्या कारखान्याचाच.

दोन रिव्हॉल्व्हर समोर ठेवू. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' आणलं, स्त्रियांसाठी म्हणून, वजन ५२५ ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आलं: काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. हलकं ते चांगलं, असं दुकानदार सांगेल. बारावीचं गणित करून बघा. .३२ ची गोळी साधारण ६.४ ग्रॅमची आणि वेग साधारण २१५ मीटर प्रति सेकंद धरला, तर संवेग सुमारे १.४ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. तेवढाच संवेग उलट दिशेने हत्याराला मिळतो. दारूच्या वायूचा वाटा इथे सोडलाय, दोन्हीकडे सारखाच आहे. मग धक्क्याची ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमानाची दुप्पट. निर्भीकसाठी ती सुमारे १.८ जूल येते, प्रबलसाठी १.३५. म्हणजे वजन एक चतुर्थांशाने कमी केलं की धक्का एक तृतीयांशाने वाढला. जे हत्यार अंगावर बाळगायला सोपं, तेच चालवायला अवघड. 'स्त्रियांसाठी हलकं' या जाहिरातीत हा सौदा कुठेच लिहिलेला नव्हता.

प्रबलच्या बातम्यांमध्ये ५० मीटर पल्ल्याचा गाजावाजा होता. इथे संशोधकाने विचारायचं, पल्ला म्हणजे काय? गोळी तिथे पोहोचते, की नेम लागतो? आणि कोणाचा? स्वसंरक्षणाचा प्रसंग काही मीटरवर घडतो. पन्नास मीटर लांबच्या माणसापासून तुम्ही पळू शकता, आणि त्याच्यावर गोळी झाडून 'जिवाला धोका होता' हे कोर्टात पटवणं फार अवघड. मोजता येतं म्हणून मोजलेलं आणि प्रश्नाला उपयोगी असलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

दुसरा तुकडा: ठेवायचं कुठे? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, झाकलेलं आणि ताब्यात असायला हवं. उघडं मिरवणं हा गुन्हा. म्हणजे आपल्याकडे लपवून बाळगणं ही खास परवानगी नाही, तीच रीत आहे. रील्समध्ये कमरेचं हत्यार दाखवणारे नेमकं हेच मोडतात.

या विषयावरचं बहुतेक साहित्य जाड चामड्याचा पट्टा आणि जीन्स गृहीत धरून लिहिलेलं आहे. आपल्याकडचा पोशाख बघा. नाडीच्या पायजम्याला ७०० ग्रॅम लटकवलं तर हत्याराआधी पायजमा खाली येईल. साडीत पट्टाच नाही, म्हणून पर्स. आणि पर्स एसटीत मांडीवरून सीटवर जाते, सीटवरून विसरली जाते, हिसकावलीही जाते. अंगापासून सुटलेलं हत्यार ताब्यात आहे असं म्हणता येत नाही. खिशात नुसतं टाकलं तर किल्ली किंवा कापडाची घडी ट्रिगरमध्ये अडकू शकते. त्यामुळे ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, ते घट्ट धरणारा पट्टा, रोज एकच जागा, आणि मोटारसायकलवर वाकलं तरी न सरकणं, एवढं जमलं तर बाकी आवडीनिवडी. न जमल्यास जवळ न बाळगणंच शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत.

किती वेळात बाहेर निघतं, यावर एक प्रसिद्ध आकडा आहे: २१ फूट. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एका लेखात मांडलं की प्रशिक्षित माणसाला होल्स्टरमधून हत्यार काढून झाडायला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यात सुरा घेतलेला माणूस साधारण २१ फूट, म्हणजे ६.४ मीटर धावतो. निरीक्षण उपयोगी होतं. पण पुढे त्याचा 'नियम' झाला. किती माणसं मोजली, किती फरक पडला, कपड्याखाली लपवलेलं असेल तर किती, सराव नसेल तर किती, यातलं काहीच त्या आकड्यासोबत प्रवास करत नाही. तुमच्या प्रबंधातही असा एखादा आकडा असेल जो सगळे एकमेकांकडून उचलतात. मूळ लेखापर्यंत जा. तरी एक गोष्ट उरतेच: उघड्या होल्स्टरमधून प्रशिक्षित पोलिसाला दीड सेकंद, तर सदऱ्याखालून तुम्हाला नक्कीच जास्त.

सुरक्षिततेची दुसरी बाजू म्हणजे घर. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या मुंबईच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना पडलं आणि गोळी त्यांच्या डाव्या पायात गेली. असं होतं कसं? जुन्या बांधणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये हातोडा काडतुसाच्या टोपीला जवळजवळ टेकून असतो. मागून आघात झाला की ठिणगी पडते. नव्या बांधणीत मध्ये ट्रान्सफर बार असतो, जो ट्रिगर दाबला तरच वर येतो. त्यामुळे 'कोणतं घ्यावं' याचं मला पटणारं पहिलं उत्तर बोअर किंवा ब्रँड नाही: पडल्यावर न उडणारं. जुनंच असेल तर हातोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, सहाऐवजी पाच.

आता तिसरा तुकडा, आणि इथेच खरी मजा आहे. हत्यार बाळगल्याने माणूस सुरक्षित होतो का?

अमेरिकेत यावर दोन टोकाचे आकडे फिरतात. क्लेक आणि गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये सुमारे पाच हजार लोकांच्या फोन सर्वेक्षणावरून सांगितलं की वर्षाला २५ लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात. सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणातून हाच आकडा एक लाखाच्या आसपास येतो. पंचवीस पट फरक! हेमेनवे यांनी १९९७ मध्ये त्याचं कारण सुंदर मांडलं. समजा तुम्ही पाच हजार लोकांना विचारलं, आणि खरंच बचाव केलेले फक्त पाच आहेत. उरलेल्या ४,९९५ पैकी फक्त एक टक्का लोकांनी बढाई मारली, किंवा चार वर्षांपूर्वीची गोष्ट यंदाची म्हणून सांगितली, तरी पन्नास खोटे 'हो' येतात. पाचाचे पंचावन्न झाले. उलट दिशेची चूक पाचांतच होऊ शकते, म्हणजे ती जास्तीत जास्त पाच. दुर्मिळ घटना सर्वेक्षणाने मोजताना चूक जवळजवळ नेहमी वरच जाते. तुमचा विषय सर्पदंश असो की पेपरफुटी, हे गणित तेच राहतं.

दुसरा अभ्यास ब्रानास आणि सहकाऱ्यांचा, २००९. फिलाडेल्फियात गोळी लागलेले ६७७ जण, आणि तुलनेसाठी गोळी न लागलेले ६८४. हल्ल्याच्या वेळी जवळ बंदूक असलेल्यांत गोळी लागण्याचा ऑड्स रेशो ४.४६ आला. मथळा तयार: बंदूक बाळगली की धोका साडेचार पट! थांबा. इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून इन्सुलिनने मधुमेह होतो का? ज्याला आधीच धोका आहे तोच बंदूक घेतो. संशोधकांनी वय, व्यवसाय, परिसर वगैरे चल सांभाळले होते, पण माणसाचं वैर कोणत्या रकान्यात लिहायचं?

अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांवर यापेक्षा मजबूत पद्धती वापरल्या गेल्या. लॉट आणि मस्टार्ड यांनी १९९७ मध्ये म्हटलं, बाळगण्याची मुभा दिली की गुन्हे घटतात. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने पुरावा अपुरा ठरवला. २०१९ मध्ये डोनह्यू, अनेजा आणि वेबर यांनी सिंथेटिक कंट्रोल पद्धतीने दाखवलं की असा कायदा आल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्के जास्त. मला हा तिसरा निष्कर्ष जास्त भक्कम वाटतो, पण तो कायद्याबद्दल आहे, एकट्या माणसाबद्दल नाही.

आपल्याकडे इन्सुलिनवाली अडचण आणखी पक्की आहे, कारण इथे परवाना हक्क नाही. जिल्हाधिकाऱ्याला जिवाचा धोका पटवावा लागतो, पोलीस अहवाल लागतो. म्हणजे 'धोका आधी, हत्यार नंतर' हे सरकारी प्रक्रियेतच लिहिलेलं आहे. आणि एखाद्याला परवाना धोक्यामुळे मिळाला की वजनामुळे, हे आकड्यात दिसत नाही.

आता बीड-परभणी. २०११ च्या जनगणनेत बीड २५.८५ लाख, परभणी १८.३६ लाख. मग लाखामागे परवाने बीडमध्ये सुमारे ४७, परभणीत २ च्या आतच. म्हणजे फरक लोकसंख्येचा नाही. पण दोन्हीकडे मोजणी एकाच पद्धतीने झाली का? बँकेचे सुरक्षारक्षक, निवृत्त सैनिक, शेतीरक्षणाच्या बंदुका धरल्या की वगळल्या? ते कळेपर्यंत तुलना लंगडी. आणि कळलं तरी 'म्हणून गुन्हे जास्त' हे त्यातून निघत नाही. ज्या खुनामुळे ही चर्चा पेटली तो तर गोळीने झालेलाच नव्हता.

मग करता येण्यासारखं काही आहे का? आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते त्या परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. गेल्या विधानसभेला १५ ऑक्टोबर २०२४ ला आचारसंहिता लागली. काही आठवडे हत्यारं खरोखर कमरेवरून गेली. नुसता बीडमधला आधीचा आणि नंतरचा काळ तपासला तर फसाल, कारण नाकाबंदी, गस्त, दारूबंदीचे दिवसही त्याच काळात येतात. पण नाकाबंदी परभणीतही असते, हत्यारं मात्र तिथे जमा होण्याइतकी मुळात नाहीतच. बीडमधला बदल वजा परभणीतला बदल, हा तुमचा अंदाज. अडचणी उरतात: संवेदनशील जिल्ह्यात बंदोबस्त जास्त असतो, आणि गोळीबाराच्या घटना इतक्या कमी की एका निवडणुकीत काहीच सिद्ध होणार नाही. त्यासाठी चार-पाच निवडणुका आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे लागतील. माहिती अधिकारात प्रत्येक जिल्ह्याकडे तीन गोष्टी मागा: आचारसंहितेच्या दिवशी प्रकारानुसार चालू परवाने किती, जमा हत्यारं किती आणि कोणत्या तारखांना, आणि शस्त्र अधिनियमाखालचे गुन्हे महिनावार, परवान्याचं हत्यार आणि बिनपरवाना असे वेगळे. तिसरा रकाना वेगळा मिळाला नाही तर अर्ज पुन्हा करा, कारण गावठी कट्टा ठाण्यात कोणी जमा करत नाही.