सुवर्ण-गरुडांचीं पिलें

फुटबॉलसारख्या विषयावर आमच्यासारख्या जुन्या पंतोजीनें लेखणी उचलावी, याचें घरोघरच्या तरुण मंडळींस हसूं येईल. येवो बापडें! ज्या घरांत नातवंडें रात्र रात्र जागून परदेशांतील सामने पाहतात, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्या खेळास नुसता धांगडधिंगा म्हणून नाक मुरडणें आतां शोभत नाहीं. शिवाय जी हकीकत आम्हांस सांगावयाची आहे तिचा संबंध मैदानाइतकाच शाळेच्या जनरल रजिस्टराशींही आहे. आणि त्या वहीविषयीं बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस आहे, असें आम्ही समजतों.

पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशाच्या मोठ्या संघास 'सुपर ईगल्स' असें नांव आहे. साहजिकच तेथील कुमारांच्या संघास 'गोल्डन ईगलेट्स', म्हणजे सुवर्ण-गरुडांचीं पिलें, असें म्हणतात. फिफा या जागतिक संस्थेनें सोळा वर्षांखालील मुलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ सालीं चीन देशांत भरविली. बीजिंग येथील अंतिम सामन्यांत या पिलांनीं पश्चिम जर्मनीचा २-० असा पराभव केला, आणि एन्डुका उग्बाडे नांवाच्या संघनायकानें चषक उचलला. तोंपर्यंत आफ्रिका खंडांतील कोणत्याही देशास, कोणत्याही वयाच्या गटांत, फिफाचें जागतिक अजिंक्यपद मिळालेलें नव्हतें. जें थोरांस साधलें नाहीं तें पोरांनीं साधलें!

पुढें १९९१ पासून वयाची मर्यादा सतरा झाली. त्यानंतर १९९३, २००७, २०१३ व २०१५ अशा चार वेळां नायजेरियानें हें पद पुन्हां जिंकलें. म्हणजे एकूण पांच. खेळाचें माहेरघर समजल्या जाणाऱ्या ब्राझीलचीं अजिंक्यपदें चारच आहेत. १९८७, २००१ व २००९ या तीन सालीं नायजेरियाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरला, तें वेगळेंच.

जपानमध्यें जिंकलेल्या १९९३ च्या संघांत एन्वान्क्वो कानू हा उंच, सडपातळ मुलगा होता. तीनच वर्षांनीं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत, तो नायजेरियाच्या संघाचा नायक झाला. उपांत्य सामन्यांत ब्राझीलविरुद्ध अखेरच्या क्षणीं बरोबरी साधणारा गोल त्याचा आणि जादा वेळांत विजय देणाराही त्याचाच; अंतिम सामन्यांत अर्जेंटिनास हरवून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. त्याच वर्षीं कानूच्या हृदयांत दोष असल्याचें आढळलें व शस्त्रक्रिया करावी लागली. बरा होऊन तो पुन्हां खेळला आणि हृदयरोगी मुलांच्या शस्त्रक्रियांसाठीं त्यानें एक संस्थाही काढली. आमच्या मतें त्याच्या साऱ्या गोलांहून हें काम मोठें आहे. २००७ च्या संघाचे शिक्षक येमी टेला यांचीही गोष्ट अशीच मनास चटका लावणारी आहे. कर्करोगानें शरीर पोखरलें असतां ते मुलांबरोबर दक्षिण कोरियास गेले. सोलच्या अंतिम सामन्यांत स्पेनशीं गोलशून्य बरोबरी झाली, पेनल्टीवर निकाल लागला, चषक आला. आणि पुढच्याच महिन्यांत टेला वारले.

आतां रजिस्टराकडे वळूं. १९८८ च्या ऑलिंपिकाकरितां नायजेरियानें कळविलेल्या तीन खेळाडूंच्या जन्मतारखा त्यांनीं पूर्वीच्या स्पर्धांत दिलेल्या तारखांशीं जुळेनात. फिफानें त्या देशाच्या सर्व कुमार व युवक संघांस दोन वर्षें बंदी घातली, आणि १९९१ ची जागतिक युवक स्पर्धा नायजेरियांत भरावयाची होती ती पोर्तुगालकडे गेली.

यावर चटकन् 'लबाड लोक' असा शेरा मारण्यापूर्वीं वाचकांनीं आपल्याच घरांतील जुने दाखले काढून पाहावे. आपल्याकडे एका पिढीच्या किती माणसांचा जन्म १ जून रोजीं झाला आहे! शाळा जूनमध्यें उघडे, बाप मुलास हात धरून आणी, जन्माची नोंद कोठेंच नसे. मग गुरुजी मुलाकडे एकवार पाहून पहिलीस बसेल असें वर्ष धरीत आणि १ जून लिहून मोकळे होत. जेथें जन्माची नोंद वेळच्या वेळीं होत नाहीं, तेथें वय ही वस्तु अंदाजाचीच राहते. नायजेरियांतील मुलांची अडचण पुष्कळ अंशीं हीच आहे. फरक इतकाच, कीं आपल्याकडच्या अंदाजानें फार तर सेवानिवृत्ति पुढेंमागें होई. तेथें मात्र वय दोन-तीन वर्षांनीं कमी लिहिल्यास युरोपांतील धनाढ्य क्लबाचें दार उघडण्याचा संभव असतो. एवढ्या मोहापुढें पंधरा वर्षांचें पोर एकटें उभें राहत नाहीं. त्याच्या मागें मोठीं माणसें उभीं असतात, आणि दोष घ्यावयाचा तर तो त्यांनीं घ्यावा.

कागद खोटें बोलतो, हाड बोलत नाहीं, या तत्त्वावर फिफानें २००९ पासून मनगटाची एम्. आर्. आय्. तपासणी सुरू केली. मनगटाजवळच्या मोठ्या हाडाच्या टोकाशीं वाढीची कूर्चा असते. वाढ पुरी झाली कीं ती हाडांत पूर्णपणें मिळून जाते, आणि सतरा वर्षांच्या आंत असें होणें अत्यंत विरळा. हें चित्र चुंबकाच्या साह्यानें घेतात, त्यामुळें क्ष-किरणांचा उपद्रव मुलांस होत नाहीं. ही कसोटी अगदीं निर्दोष मात्र नव्हे. एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाची कूर्चा अजून मिळाली नसेल, तर तो सहज आंत शिरेल. त्याच वर्षीं स्पर्धा नायजेरियांतच होती. या तपासणीनंतर यजमानांनीं आपले पंधरा खेळाडू वगळले, आणि नव्या जुळणीचा संघ घेऊन ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. अबुजा येथें स्वित्झर्लंडनें त्यांस एका गोलानें हरविलें. हा पराभव आम्हांस त्यांच्या कित्येक विजयांहून अधिक मोलाचा वाटतो.

पूर्वीचीं सारीं पदें वय चोरून मिळविलीं, असें म्हणणाऱ्यांस पुढील दोन स्पर्धांनीं बरेंचसें उत्तर दिलें. २०१३ सालीं, तपासणी चालू असतां, या मुलांनीं पहिल्या सामन्यांत मेक्सिकोस ६-१ व अंतिम सामन्यांत पुन्हां त्याच मेक्सिकोस ३-० असें हरविलें. केलेची इहेआनाचो हा स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि संघाच्या साहाय्यक शिक्षकांत १९८५ चा तो उग्बाडे होता. २०१५ सालीं चिली देशांत व्हिक्टर ओसिमेन यानें एका स्पर्धेंत दहा गोलांचा विक्रम केला. लागोसच्या रस्त्यांवर वाहनांमागें धांवत पाण्याच्या पिशव्या विकणारा हा मुलगा. पुढें २०२३ सालीं नेपल्सच्या संघास इटलीचें अजिंक्यपद मिळालें तें मुख्यतः याच्या गोलांवर, आणि आफ्रिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याच वर्षीं त्यास मिळाला.

तरी पिलांचे गरुड होतांना कांहींतरी हरवतें खरें. नायजेरियाचा मोठा संघ विश्वचषकांत शेवटच्या सोळांपलीकडे कधींच गेलेला नाहीं. आणि २०१५ नंतर पिलेंही भरारी विसरलीं आहेत. २०१७ सालीं हीच स्पर्धा भारतांत भरली, नवी मुंबई व मडगांव येथें सामने झाले; पण आमच्या नातवंडांस हा संघ पाहावयास मिळाला नाहीं, कारण तो पात्रच ठरला नव्हता. २०१९ सालीं ब्राझीलमध्यें बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यांत नेदर्लंड्सनें त्यांस ३-१ असें घरीं पाठविलें. २०२३ सालींही पात्रता हुकली. २०२५ पासून कतारमध्यें ही स्पर्धा अठ्ठेचाळीस संघांची झाली व आफ्रिकेस दहा जागा मिळाल्या. त्या दहांतही पांच वेळच्या या विजेत्यांचें नांव नव्हतें.