धपकन पडू, टुणकन उठू: दुडदुडणाऱ्या पोराचं एक वर्ष

चालायला लागलेलं मूल तासाभरात सरासरी 2,368 पावलं टाकतं आणि 17 वेळा पडतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना हे मोजलं आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केलं. अंतर भरतं सुमारे 700 मीटर. म्हणजे संध्याकाळी आजी "अरे, बस की जरा!" म्हणून हाका मारत असते, तोवर नातवाचा चांगला मोठा फेरफटका झालेला असतो.

एवढं पडूनही फारसं लागत का नाही? एक तर उंचीच कमी. त्यात गुडघ्याची वाटी अजून हाडाची झालेलीच नसते. जन्मताना ती कूर्चेची असते आणि साधारण दुसऱ्या ते सहाव्या वर्षात हळूहळू हाडाची होते. म्हणून दीड वर्षाच्या पोराच्या गुडघ्याच्या एक्स-रेत वाटी बहुधा दिसतच नाही.

आणि शेजारच्यांची मुलगी दहाव्या महिन्यात चालली, आमचा अजून सोफा धरूनच उभा, ही काळजी करणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय 8.2 ते 17.6 महिने इतकं पसरलेलं निघालं. मध्ये नऊ महिन्यांहून जास्त अंतर आहे. कॉलनीतल्या सगळ्या तुलना त्यात आरामात मावतात.

दोऱ्याच दोऱ्या

हवामान खात्याच्या 2020 पासूनच्या सुधारित तारखांप्रमाणे मुंबईत मॉन्सून 11 जूनला येतो. लहान मूल असलेल्या घरात तो दुपट्यांवरून कळतो. हॉलमध्ये दोरी, खुर्च्यांच्या पाठींवर झबली, पंखा पाचवर, तरी कुबट वास जात नाही. याच दिवसांत नाक वाहायला लागतं. या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना त्याहूनही जास्त. बहुतेक सर्दी विषाणूंची असते, आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. मागच्या वेळची उरलेली बाटली फ्रिजमधून काढून पाजणं, ही सवय घराघरातून जायलाच हवी.

पावसाळ्यातली खरी जपण्याची गोष्ट म्हणजे जुलाब. इथे एका भारतीय डॉक्टरची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं दगावू लागली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पिंपात भरलं आणि नातेवाइकांच्या हातांनी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. त्यामागचं शास्त्र असं: आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्या दोघांमागून पाणी शरीरात शिरतं. जुलाब चालू असले तरी ही वाट उघडी राहते. डॉ. महालनबीस 2022 मध्ये गेले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

म्हणून ओआरएसची पुडी स्वयंपाकघरातच ठेवावी. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खी पुडी घालायची, अंदाजानं अर्धी नाही, आणि चमच्याचमच्यानं पाजत राहायचं. डॉक्टर सोबत झिंक देतात, ते 14 दिवस चालवायचं. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी बंद करायचं नाही. मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली, पाणी पोटात ठरेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आणखी एक: डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्यामुळे मच्छरदाणी रात्री जितकी गरजेची, तितकीच दुपारच्या झोपेलाही. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून कोरड्या करा.

आरशातलं बाळ कोण?

गणपतीत आरती झाली की सगळ्यांच्या कपाळी अष्टगंध लागतं. तेव्हा हा खेळ करून बघा. मुलाच्या नकळत त्याच्या कपाळी गंध लावा आणि त्याला आरशासमोर उभं करा. वर्षाचं असेल तर ते आरशातल्या बाळाला हात लावील, हसेल, आरशामागे जाऊन शोधील. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान एक दिवस असा येतो की त्याचा हात आरशाकडे जात नाही, स्वतःच्या कपाळाकडे जातो. 'हा मी' हे त्याला कळलेलं असतं. ब्यूला ॲम्स्टरडॅम या संशोधिकेनं 1972 मध्ये नाकाला लाली लावून हीच परीक्षा घेतली होती. आपल्याकडे तर तिचं साहित्य प्रत्येक देव्हाऱ्यात तयार असतं.

याच दिवसांत 'माझं' हा शब्द घरात दुमदुमायला लागतो. आजोबांचा चष्माही माझा आणि बाप्पाचा उंदीरही माझा. स्वतःची ओळख पटल्याचीच ती खूण आहे, लाडावल्याची नव्हे.

मिरवणुकीत मात्र ढोल-ताशाच्या अगदी पुढ्यात तान्ह्याला घेऊन उभं राहू नका. कान त्याचे कोवळे आहेत आणि 'लांब चला' हे त्याला सांगता येत नाही.

"हा काही खातच नाही!"

थंडी पडली, बाजारात मेथी, पावटे, गाजरं आली, आईनं हौसेनं मऊ खिचडीत सगळं घातलं आणि पोरानं तोंड फिरवलं. घरोघरची तक्रार. पण आकडे बघा. जन्माचं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात वाढ होते ती जेमतेम दोन-अडीच किलोची. उंची पहिल्या वर्षी सुमारे 25 सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी 12. वाढच संथ झाली तर भूकही कमी होणार. पोर उपाशी नसतं, त्याला तेवढंच पुरतं.

नवा पदार्थ नाकारणंही या वयाचंच लक्षण. एखादी भाजी आवडायला ती आठ-पंधरा वेळा ताटात दिसावी लागते. दुसऱ्या नकाराला 'याला मेथी आवडत नाही' असा शिक्का मारून आपणच हरतो. जबरदस्ती नको, मोबाइल दाखवून घास कोंबणं तर नकोच. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नका म्हणते आणि त्यापुढेही दिवसाला तासाभराची मर्यादा घालते.

जेवत नाही म्हणून दूध वाढवणं हा आपला लाडका उपाय, पण तो उलटतो. दुधात लोह फार थोडं असतं आणि दुधानं भरलेल्या पोटात भाकरी-वरणाला जागा राहत नाही. दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची दर तीनपैकी दोन मुलं रक्तक्षय असलेली आढळली. सुखवस्तू घरांनीही हा आकडा दुसऱ्यांचा समजू नये. कॅल्शियमची चिंता असेल तर नाचणीचं सत्त्व आहेच. शंभर ग्रॅम नाचणीत तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं.

बोरन्हाण, पण जपून

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणाची धमाल. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी, डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा आणि ते लुटायला गल्लीतली यच्चयावत पोरं. माझ्या मते आपल्या सगळ्या सणांमधला हा सर्वांत गोड सोहळा.

आता दात मोजू. दुधाचे दात एकूण 20. त्यांतल्या मागच्या दाढा येतात दोन ते पावणेतीन वर्षांच्या सुमारास. म्हणजे दीड वर्षाचं पोर चावून तोडू शकतं, दळू शकत नाही. त्याची श्वासनलिका त्याच्याच करंगळीएवढी. अंगावर पडतंय बोर, हरभरा, शेंगदाणा. नेमके हेच घशात अडकणारे पदार्थ. म्हणून सोहळा व्हावाच, पण उत्सवमूर्तीच्या डोक्यावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओताव्यात. बोरं, शेंगा आणि ऊस मोठ्या पोरांच्या हातात द्यावेत. फोटो झाले की हलव्याचे दागिने उतरवावेत, कारण त्यातला एकेक दाणा टणक असतो. पाठोपाठ फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षं येतात. ती या वयाला उभी चिरूनच द्यावीत, एका द्राक्षाच्या चार फोडी. गोल अख्खं द्राक्ष घशात बुचासारखं बसतं.

उन्हाळा आणि आजोळ

लहान मुलाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे आजूबाजूची उष्णता ते पटकन शोषून घेतं. मानेवर, पाठीवर घामोळं उठतं. त्यावर सुती सैल कपडे, दिवसातून दोनदा अंघोळ आणि मोकळी हवा. पावडरचा थर नको. उभ्या गाडीत काच बंद करून 'दोन मिनिटांत आलेच' म्हणून मुलाला ठेवणं तर कधीच नको.

आंब्यानं तोंडाभोवती पुरळ आलं तर लगेच 'आंबा बाधला' म्हणू नका. बऱ्याचदा दोष देठाजवळच्या चिकाचा असतो. देठ कापून, आंबा पाण्यात बुडवून ठेवून, साल काढून फोडी द्या. मग हनुवटीपासून कोपरापर्यंत रस ओघळू द्या.

आजोळी मामेभावंडांच्या घोळक्यात पोर एकदम बोलायला लागतं. आधी येतात ते ओठांवरचे आवाज, प, ब, म. 'र' फार उशिरा, तोवर सगळी राजेशाही 'लाजा-लाणी'चीच. गंमत अशी की वर्षाच्या मुलालाही मामीच्या कोणत्या डब्यात खाऊ असतो ते महिनाभर लक्षात राहतं, पण मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांआधीचं काही आठवत नाही.

घर बदलतं तेव्हा

बदली होते. आजी गावाला निघून जाते. धाकटं भावंड येतं. आईची रजा संपते. कायद्यानं 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची आहे. आपल्या कार्यालयात ती आहे का, हे विचारायला कुणीही संकोचू नये.

मोठ्यांना बदलाची तारीख माहीत असते, मुलाला ती कळत नाही. म्हणून नीट बसलेली शू-शीची सवय मोडते, रात्री जाग येते, आई न्हाणीघरात गेली तरी आकांत होतो. यातलं बहुतेक काही आठवड्यांत निवळतं. कपाटं बदलली तरी झोपायच्या वेळची गोष्ट, तीच गोधडी, तोच हात ठेवावा. आणि थैमानाला घाबरू नये. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये दाखवलं की चारपैकी तीन थैमानं पाच मिनिटांच्या आत संपतात. तेवढा वेळ जवळ बसायचं, व्याख्यान द्यायचं नाही.

पण सर्वांत मोठा बदल ज्यांच्या वाट्याला दरवर्षी येतो, ती लेकरं वेगळीच आहेत. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक 'कोयता', मुकादमाची उचल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी आणि तान्हं पोर. पुढचे पाच-सहा महिने त्याचं घर म्हणजे कारखान्याजवळची कोपी आणि पाळणा म्हणजे उसाच्या फडाकडेला बांधलेली झोळी. लसीची तारीख, अंगणवाडीतला खाऊ, सगळं गावात राहून जातं. बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडकांनी बोर्डीच्या आदिवासी पाड्यांवर जाऊन मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवली, ती अशाच मुलांसाठी. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जायचं. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत आज गावोगावी अंगणवाड्या आहेत. ती वाट फडापर्यंत पोचलीच पाहिजे.

लसीला गावाची अट नाही. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी आणि पोलिओचा बूस्टर, आणि पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस. हे सगळं कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. पहिल्या वर्षाच्या लसी बहुतेकजण आठवणीनं देतात, दुसऱ्या वर्षाच्या राहून जातात. आज घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा. तुमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या ताईंना, शेजारच्या बांधकामावरच्या बाईंनाही त्यांच्या लेकराचं कार्ड विचारा, आणि एखादा रकाना रिकामा दिसला तर त्यांना जवळच्या केंद्राचा पत्ता आणि लसीकरणाचा वार सांगा.